ब्रिटनमधील शेतजमीन व ‘मोल’चे निर्मूलन

इंग्लंडच्या पार्लमेंटने इ. स. १५६६ मध्ये धान्याच्या रक्षणासाठी एक कायदा केला. त्यात पिकांना उपद्रव देणाऱ्या, किंवा उपद्रव देतात अशी समजूत असलेल्या, पशुपक्ष्यांची एक लांबलचक यादी असून प्रत्येकाच्या शिराला किती इनाम द्यावे हे ठरवून दिले होते. कोल्ह्याच्या व बिज्जूच्या शिराला १२ पेन्स, साळूसारख्या काटेरी हेजहॉगला २ पेन्स, तीन उंदरांना अथवा घुशींना मिळून १ पेनी. याच यादीत जमिनीखाली बिळे करून राहणाऱ्या एका लहानशा प्राण्यासाठी अर्धी पेनी मुक्रर केलेली आढळते. त्या काळच्या भाषेत त्याला ‘मोल्डवार्प’ अथवा ‘वाँट’ म्हणत. आजच्या इंग्रजीत त्याचे नाव ‘मोल’ असे आहे. अर्ध्या पेनीच्या या प्राण्यामागे इंग्लिश शेतकरी पुढे साडेचार शतके लागला. त्याचा पाठलाग करताना त्याने पैसा, कसब, विष आणि कायदा यांपैकी काहीही वापरायचे शिल्लक ठेवले नाही.

मोल महाराष्ट्रात आढळत नाही. भारतात त्याचे जातभाई पूर्व हिमालयात व आसामच्या बाजूस आहेत. दख्खनच्या शेतात जी उकरलेली माती दिसते ती उंदरांची अथवा घुशींची असते. त्यामुळे मराठीत या प्राण्याला रूढ असे नाव नाही आणि कोशकारांना ‘चिचुंद्री’ या शब्दाचा आधार घ्यावा लागतो. हा आधार अगदीच चुकीचा नाही. चिचुंद्री आणि मोल हे दोघेही कीटकभक्षी गणातले, म्हणजे दोघांचाही उंदराशी गोत्रसंबंध नाही. परंतु चिचुंद्री घरात शिरते, मोल आयुष्यभर जमिनीखाली असतो. म्हणून येथे इंग्रजी नावच वापरले आहे. मराठीतील किंमतवाचक ‘मोल’ शब्दाशी त्याचा काही संबंध नाही, हे सांगणे नलगे.

वैराचे मूळ समजण्यासाठी त्या प्राण्याची राहणी थोडी पाहिली पाहिजे. मोल वीतभराहूनही लहान असतो, वजनाने सुमारे १०० ग्रॅम. अंगावर मखमलीसारखी काळी लव, डोळे टाचणीच्या डोक्याएवढे, आणि पुढचे पाय फावड्यासारखे रुंद व बाहेर वळलेले. त्याचे मुख्य अन्न गांडुळे. दिवसाकाठी स्वतःच्या वजनाच्या निम्म्याइतके अन्न त्याला लागते, आणि ते मिळावे म्हणून तो बिळांचे जाळेच्या जाळे विणतो. ही बिळे म्हणजे एका परीने सापळेच होत. गांडुळे भिंतींतून आत पडतात आणि मोल फेऱ्या मारून ती गोळा करतो. हिवाळ्याकरिता तो गांडुळांची डोकी चावून ती जिवंत परंतु हालचालीस असमर्थ अशा अवस्थेत साठवून ठेवतो. अशा एका साठ्यात ४७० गांडुळे मोजली गेल्याची नोंद आहे. पिकाचे मूळ किंवा धान्याचा दाणा तो खात नाही. धान्यरक्षणाच्या कायद्यात ज्याचे नाव घातले तो प्राणी धान्य खातच नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तरीही शेतकऱ्याची तक्रार पोकळ नव्हती. बिळे खणताना निघालेली माती मोल वर लोटतो आणि कुरणभर ढीग उठतात. विळ्याने गवत कापण्याच्या काळात या ढिगांत पाते अडकून बोथट होई; यंत्राने कापणी सुरू झाल्यावर मातीबरोबर वर आलेल्या दगडांनी यंत्राची पाती मोडू लागली. नुकत्याच रुजलेल्या रोपांखालून बीळ गेले म्हणजे मुळे अधांतरी लोंबून रोप सुकते. दलदल उपसून काढलेल्या प्रदेशात बांधाच्या पोटात बीळ पडले तर पाणी झिरपून बांधच धोक्यात येतो. विसाव्या शतकात हिरवे गवत दाबून मुरवण्याची, म्हणजे मुरघासाची, पद्धत रूढ झाली तेव्हा एक नवीच आपत्ती दिसून आली. ढिगाची माती गवताबरोबर मुरघासात गेली की तीतील लिस्टेरिया नावाचे जंतू त्यात वाढतात व मेंढ्यांना प्राणघातक रोग जडतो. या शेवटच्या कारणाने मोलविषयीची तक्रार जुनी होण्याऐवजी नव्याने वाढली.

१५६६ च्या कायद्याची अंमलबजावणी सरकारी नोकरांकडे नव्हती. ती पॅरिशकडे, म्हणजे एका चर्चच्या व्यवस्थेखालील गावगाड्याकडे होती. चर्चवॉर्डन या नावाचे गावातील मानकरी इतर सहा रहिवाशांना बरोबर घेऊन जमीनधारकांवर पट्टी बसवीत आणि त्या निधीतून शिरांचे पैसे चुकते करीत. आणलेली शिरे मोजून झाल्यावर नष्ट करावयाची, म्हणजे तेच शीर दुसऱ्यांदा विकले जाऊ नये, अशी खबरदारी कायद्यातच होती. माणसाच्या लबाडीचा अंदाज कायदा करणाऱ्यांनी प्राण्यांच्या स्वभावापेक्षा अधिक अचूक केला होता असे म्हणावे लागते. चर्चवॉर्डनांचे हे हिशेब मोठ्या संख्येने टिकून राहिले आहेत. रॉजर लव्हग्रोव्ह याने ते धुंडाळून २००७ मध्ये ‘सायलेंट फील्ड्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि इंग्लंड व वेल्समधील वन्य पशुपक्ष्यांच्या ऱ्हासाचा इतिहास प्रथमच खेड्यापाड्यांच्या जमाखर्चातून पुढे आला.

इनाम कितपत आकर्षक होते? सोळाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण इंग्लंडात बांधकामावरील साध्या मजुराला दिवसाला सुमारे ८ पेन्स मिळत. म्हणजे एका दिवसाच्या मजुरीइतकी कमाई होण्यास सोळा मोल धरणे भाग होते. हे काम हौशी माणसाच्या आवाक्यातले नव्हे. ज्याला बिळाची पारख आहे आणि ज्याच्यापाशी पुरेसे फासे आहेत त्यालाच ते परवडे. त्यामुळे मोल धरणे हा लवकरच एक स्वतंत्र धंदा झाला, आणि अनेक पॅरिशांनी दर शिरामागे पैसे मोजण्याऐवजी मोलवाल्याशी वर्षाचा, कित्येकदा अनेक वर्षांचा, ठरावीक रकमेचा करार करणे पसंत केले. ‘वाँटनर’ हे इंग्लिश आडनाव या धंद्यावरूनच आलेले आहे.

या बदलामागे केवळ सोय होती असे दिसत नाही. शिरामागे पैसे मिळतात तोवर मोल संपणे हे मोलवाल्याच्या हिताचे नसते. चार माद्या सोडून दिल्या तर पुढील वसंतात त्याला काम मिळते. उलट वार्षिक करारात गावाने तक्रार केली नाही म्हणजे झाले, एवढेच त्याला पाहावे लागते. परंतु मोलच्या स्वभावामुळे दोन्ही पद्धतींत शेवट एकच होई. मोल एकांडा प्राणी आहे. प्रत्येकाचे स्वतःचे क्षेत्र असते आणि एक मेला की शेजारचा थोड्याच काळात त्याची तयार बिळे ताब्यात घेतो. मादीला वर्षातून बहुधा एकदाच तीनचार पिले होतात आणि उन्हाळ्याच्या आरंभी ती आईच्या क्षेत्रातून हाकलली जाऊन रिकाम्या जागा शोधू लागतात. म्हणून एका पॅरिशने मोल मारले आणि शेजारच्याने मारले नाहीत, तर पहिल्याचा खर्च व्यर्थ जाई. प्रति शिर इनामाचा हाच मार्ग ब्रिटिश राज्यकर्त्यांनी पुढे दख्खनमध्येही अवलंबिला होता: दुष्काळामागोमाग १८७८-७९ मध्ये तत्कालीन अहमदनगर, सोलापूर इत्यादी जिल्ह्यांत उंदरांनी पिके फस्त केली तेव्हा मारलेल्या उंदरांवर बक्षिसे लावण्यात आली. एलिझाबेथच्या काळचा तो कायदा मात्र त्यापूर्वीच, १८६३ मध्ये, रद्द झाला होता.

इंग्लंडच्या राजकीय इतिहासातही मोल एकदा डोकावून जातो. फेब्रुवारी १७०२ मध्ये राजा तिसरा विल्यम याचा घोडा मोलच्या ढिगाला अडखळला, राजा पडून त्याच्या गळ्याजवळचे हाड मोडले, आणि मार्चच्या आरंभी त्याचा अंत झाला. पदच्युत जेम्सच्या पक्षाचे लोक त्यानंतर ‘काळ्या मखमलीतील छोट्या सद्गृहस्था’च्या नावाने मद्याचे चषक उंचावू लागले. शेतीच्या इतिहासात या घटनेला फारसे स्थान नाही.

मोल धरण्याची विद्या शेकडो वर्षे तोंडी चालत आलेली होती. जमिनीत पुरलेली मडकी, लाकडी नळीत घोड्याच्या केसांचा फास आणि तो ताणून धरणारी वाकवलेली हेझलची काठी, ही तिची जुनी साधने. तिला शास्त्राची बैठक मिळाली ती फ्रान्समध्ये. राज्यक्रांतीच्या धामधुमीत दरबाराचा आश्रय सुटलेला आंरी ल कूर हा गृहस्थ पाँत्वाझजवळ येऊन राहिला आणि त्याने उरलेले आयुष्य मोलच्या निरीक्षणाला वाहिले. त्याचे निष्कर्ष कादे द व्हो याने १८०३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ल कूरचा मुख्य शोध वरवर साधा वाटतो. मोलची सर्व बिळे सारख्या महत्त्वाची नसतात. शिकारीसाठी तो रोज नवी वरवरची बिळे खणतो व टाकून देतो, परंतु घरटे आणि शिकारीचे रान यांना जोडणारा एक पक्का हमरस्ता असतो, आणि दिवसातून अनेक वेळा त्याची त्यावरून ये-जा होते. सापळा लावायचा तो या हमरस्त्यावर. ढीग दिसला तेथे फास मांडणाऱ्या नवशिक्यात आणि मुरलेल्या मोलवाल्यात जो फरक पूर्वीपासून होता, त्याचे कारण ल कूरने प्रथम शब्दांत मांडले.

प्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञ जोफ्र्वा सेंतिलेर स्वतः त्याची परीक्षा पाहण्यास गेला. ल कूरने हमरस्त्याच्या वाटेवर ठिकठिकाणी गवताच्या काड्या अशा रीतीने खोचल्या की त्यांची खालची टोके बिळात लोंबत राहावी आणि वरच्या टोकांना कागदी निशाणे असावीत. मोल दूरच्या टोकाला शिकारीत गुंतलेला असताना तेथे एकाएकी शिंग फुंकण्यात आले. लागलीच निशाणे एकामागून एक पडत गेली, आणि प्राणी हमरस्त्याने किती वेगाने घराकडे पळाला हे जमिनीवर उभे राहूनच पाहणाऱ्यांना कळले. घोड्याच्या दुडक्या चालीशी त्या वेगाची तुलना करण्यात आली.

याच भेटीतून एक चूकही जन्मास आली. मोल काही वेळा मोठा ढीग रचून त्यात घरटे करतो. त्याला ‘गढी’ म्हणतात. जोफ्र्वाने तिचा जो नकाशा प्रसिद्ध केला त्यात वर एक, खाली एक अशी दोन वर्तुळाकार दालने असून त्यांना जोडणारे मार्ग भूमितीच्या नियमाने आखलेले होते. आकृती इतकी सुबक होती की एकोणिसाव्या शतकातील ग्रंथकार ती एकमेकांवरून उतरवीत गेले. १९०३ मध्ये लायोनेल अॅडम्स याने प्रत्यक्ष अनेक गढ्या उकरून पाहिल्या, तेव्हा कोणत्याही दोन गढ्या सारख्या नाहीत आणि ग्रंथांतील आकृतीशी जुळणारी तर एकही नाही, असे आढळून आले. ज्या प्राण्याचे घर फावड्याच्या चार घावांत उघडे पडते, त्याच्याविषयीही विद्वानांनी शंभर वर्षे ग्रंथप्रामाण्य सोडले नाही.

मोल हा खरोखर शत्रू आहे काय, हा प्रश्न विचारण्याचे धैर्य स्कॉटलंडमधील एका मेंढपाळाने दाखविले. जेम्स हॉग (१७७०-१८३५) हा ‘एट्रिकचा मेंढपाळ’ या नावाने साहित्यात ओळखला जातो. परंतु कवी होण्यापूर्वी आणि त्यानंतरही त्याने मेंढ्या राखल्या होत्या व डोंगरी कुरणांचे त्याला अनुभवाचे ज्ञान होते. दक्षिण स्कॉटलंडमध्ये बक्लूच्या ड्यूकच्या विस्तीर्ण जमिनींवर पगारी माणसे लावून मोलचे पद्धतशीर निर्मूलन करण्यात आले होते. हॉगने याला कडाडून विरोध केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की दीडदोन हजार एकरांच्या मेंढकुरणावर शेकडो माणसे आणि घोडे लावून खत पसरले तरी मोल जितकी सारखी व ताजी माती वर पसरतात तितकी ती पसरली जाणार नाही. मोल गेल्यानंतर त्या कुरणांवर मेंढ्यांना ‘पाइनिंग’ नावाचा झिजरोग जडू लागला, असेही त्याने निक्षून सांगितले. भरपूर गवत असताना मेंढी खंगत जाऊन मरते, असे या रोगाचे स्वरूप होते.

जमीनदारांच्या कारभाऱ्यांना हे एका लहरी कवीचे बोलणे वाटले असल्यास नवल नाही. परंतु पुढचा इतिहास उद्बोधक आहे. ऑस्ट्रेलियात १९३५ मध्ये अशाच झिजरोगाचे कारण सापडले: जमिनीत, व त्यामुळे गवतात, कोबाल्ट या धातूचा अत्यल्प अंश कमी पडणे. मेंढीच्या पोटातील जंतूंना ब-१२ हे जीवनसत्त्व बनविण्यासाठी कोबाल्ट लागते. तो नसेल तर गवताच्या राशीत उभी राहूनही मेंढी उपाशी राहते. स्कॉटलंडमधील पाइनिंगही याच जातीचा रोग ठरला. आता, मेंढी गवताबरोबर जी थोडी माती गिळते तीतूनही तिला कोबाल्ट मिळते, हे आज मान्य आहे. आणि खालची ताजी माती गवतावर पसरणारा तर मोलच होय. एवढ्यावरून हॉगचा कार्यकारणभाव जसाच्या तसा मान्य करता येत नाही. ज्या भूभागात कोबाल्ट मुळातच कमी आहे तेथे खालून आलेल्या मातीतही ते बेताचेच असणार, आणि मेंढ्यांची वाढती संख्या, कुरणातील चुन्याचा वापर अशी इतरही कारणे असू शकतात. चुन्याने गवतात कोबाल्ट उतरणे कमी होते. पण रोगाचे मूळ मातीत आहे, हवेत किंवा मेंढीच्या वंशात नाही, हे मेंढपाळाने शंभर वर्षे आधी हेरले होते. त्याच्या काळच्या पशुवैद्यांना ते साधले नव्हते.

योगायोग असा, की हॉगच्याच काळात इंग्लिश शेतकरी मोलचे अनुकरण करू लागला होता. चिकणमातीच्या शेतातील पाणी काढण्यासाठी जमिनीखालून गोल बोगदा पाडीत जाणारा नांगर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात आला. त्याचे नावच ‘मोल-नांगर’ होते. जॉन फाउलर याने १८५० च्या सुमारास पाण्याचा निचरा करणाऱ्या नांगरात सुधारणा केल्या आणि तेथूनच वाफेच्या नांगराचा उद्योग वाढला. एका हाताने मोल मारावा आणि दुसऱ्या हाताने त्याचेच काम लोखंडाकडून करवून घ्यावे, हा प्रकार एकाच शेतावर चालू असे.

कातड्याला भाव आल्यामुळे मोलवाल्याच्या धंद्याला विसाव्या शतकाच्या आरंभी थोडी तेजी आली. मोलची लव कोणत्याही दिशेने सारखीच मऊ वळते. बिळात पुढे-मागे सरकणाऱ्या प्राण्याला ती तशीच हवी. शिशाच्या नळांचे सांधे गुळगुळीत करण्यास नळकारागीर हे कातडे वापरीत. सातव्या एडवर्डची राणी अलेक्झांड्रा हिने मोलच्या कातड्याचा पोशाख करवून ही फॅशन सुरू केली आणि त्यामागे स्कॉटिश शेतकऱ्यांचा उपद्रव कमी करण्याचा हेतू होता, असे सांगितले जाते. फॅशन ओसरल्यावर कातड्याचा आधार गेला. मजूरही महाग होत गेले, आणि फास घेऊन शेतोशेती हिंडणाऱ्या माणसाची जागा विषाने घेतली.

हे विष म्हणजे स्ट्रिक्निन. त्याचा उगम कोकणच्या वाचकाला अपरिचित नाही. सह्याद्रीच्या उताराला व मलबारच्या रानात वाढणारा काजरा, ज्याला वैद्यकात कुचला म्हणतात, त्याच्या बियांत ते असते. या बिया भारतातून युरोपात जात, आणि पेलेत्ये व काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी १८१८ मध्ये स्ट्रिक्निन वेगळे काढले. मोलसाठी त्याची योजना अशी, की गांडुळांना विषाची पूड लावून ती बिळात सोडावयाची. मोल मेलेले अन्न सहसा टाळतो, म्हणून गांडुळे ताजी लागत. एक माणूस एका दिवसात कित्येक एकर उरकी. फासाने तेवढ्या कामाला आठवडे लागले असते. पण या विषाने येणारे मरण फार भयंकर आहे. सर्व स्नायूंना एकाच वेळी झटके येतात आणि प्राणी शुद्धीवर असतानाच गुदमरतो.

याची जाणीव ब्रिटिश पार्लमेंटला नव्हती असे नाही. १९६२ मध्ये प्राण्यांसाठी क्रूर विषे वापरण्याविरुद्ध कायदा झाला आणि १९६३ च्या नियमांनी सस्तन प्राण्यांना मारण्यासाठी स्ट्रिक्निन वापरणे बंद झाले. केवळ एका प्राण्याचा अपवाद करून. तो प्राणी मोल. मोलची यातना उंदराच्या यातनेपेक्षा कमी असते असा दावा कोणी केला नाही. दुसरा स्वस्त उपाय हाती नव्हता, हेच खरे कारण. सापळ्यांबाबतही तसेच झाले. १९५४ च्या कायद्याने स्प्रिंगच्या सापळ्यांना सरकारी मान्यता सक्तीची केली, आणि १९५८ च्या हुकुमाने मोलच्या सापळ्यांना त्यातून वगळले. जमिनीखाली घडणारी गोष्ट डोळ्यांआड राहते, आणि डोळ्यांआडच्या दुःखाला कायद्याची दृष्टी उशिरा पोहोचते.

केनेथ मेलनबी हा कीटकशास्त्रज्ञ मंक्स वुड येथील निसर्गसंशोधन केंद्राचा पहिला संचालक होता आणि कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवर त्याने १९६७ मध्ये ग्रंथ लिहिला होता. १९७१ मध्ये त्याने मोलवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. अरण्य हेच मोलचे मूळ घर असून तेथे त्याची बिळे वर्षानुवर्षे टिकतात आणि वर ढीग क्वचितच दिसतात, याकडे त्याने लक्ष वेधले. जंगल तोडून कुरणे करणाऱ्या माणसानेच गांडुळांची समृद्धी वाढवून मोलला उघड्यावर आणले. ज्या शेताची माती सुपीक तेथे गांडुळे अधिक, आणि गांडुळे अधिक तेथे मोल अधिक. चांगल्या शेतकऱ्यालाच त्याचा त्रास जास्त होतो.

स्ट्रिक्निनचा अपवाद ४३ वर्षे टिकला. युरोपीय संघाच्या जैवनाशक द्रव्यांविषयीच्या नियमांनुसार २००६ च्या सप्टेंबरात ब्रिटनमध्ये त्याचा मोलवरील वापरही थांबला. उरले ते अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांपासून निघणारा विषारी वायू आणि जुने सापळे. वायूचे काम प्रशिक्षित माणसाखेरीज करता येत नाही. म्हणून सापळ्याची विद्या जाणणाऱ्यांना पुन्हा बोलावणे येऊ लागले. ब्रिटनमध्ये आजही मोलला कायद्याचे संरक्षण नाही. जर्मनीत मात्र तो विशेष संरक्षित प्राण्यांत मोडतो आणि परवान्याखेरीज त्याला मारणे गुन्हा आहे. आता घोड्याच्या केसांऐवजी पोलादी स्प्रिंग असते, आणि मोलवाला बारीक सळईने जमीन टोचीत हमरस्ता शोधतो. सळई एकाएकी सैल झाली की तेथे तो गुडघे टेकून माती उघडतो, बोटांनी बिळाची भिंत चाचपतो, आणि ती गुळगुळीत लागली तरच सापळा मांडतो.